वही, संवत १९२६

माझा विषय संपला तो नोटीसबोर्डावर, चार टाचण्या टोचून. जुलै १९९८ मधली, बडोद्यातली गोष्ट. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वैकल्पिक पेपरांची यादी लागली होती आणि तिच्यात सगळ्यात खाली, 'आर्थिक विचारांचा इतिहास' या नावासमोर विद्यार्थिसंख्येच्या रकान्यात एक असा आकडा होता. त्याखाली विभागप्रमुखाची सही. विभागप्रमुख म्हणजे उत्कर्ष पंड्या, माझाच विद्यार्थी. हल्ली मी खोलीत शिरले की खुर्चीतून अर्धाच उठतो.

"मॅडम, छोकरांना आता शेअरबाजार पाहिजे," तो मला म्हणाला. माझ्याशी तो हट्टाने मराठी बोलतो, मी त्याच्याशी हट्टाने गुजराती. "जुने लोक काय बोलून गेले, त्याच्यात नोकरी नाही मिळत."

सत्तावीस वर्षं मी हेच शिकवत आले होते, की ज्या गोष्टी आज उघड वाटतात त्या कुणाला तरी पहिल्यांदा सुचाव्या लागल्या. त्याच्यावर वाद काय घालायचा? गाढवापुढे वाचली गीता, एवढंच मनात म्हटलं आणि चौदा नंबरच्या खोलीत गेले.

तिथे तो एक आकडा बसला होता. प्राची गुप्ते, कारेलीबागेतल्या आमच्याच सोसायटीपलीकडची मुलगी. नवी वही, नवं पेन, स्कूटरवरून आल्यामुळे तोंडाला बांधलेली ओढणी अजून गळ्यात. पहिल्या बाकावर बसली होती, जणू मागचे बाक भरलेलेच आहेत.

"एकीसाठी काय तास घ्यायचा?" मी म्हटलं. "दुसरा पेपर घे. वित्त घे. तुझंच भलं होईल."

"चालेल ना पण, मॅडम? मी रोज येईन. एकही दिवस चुकवणार नाही."

"अगं, एका माणसाचा वर्ग होत नाही."

तिने पेनाला टोपण लावलं, वही पिशवीत घातली, "बरं मॅडम" म्हणाली आणि गेली. पुढच्या आठवड्यात यादीतला एक जाऊन शून्य आलं. मी सगळ्यांना सांगत राहिले की उत्कर्षने माझा विषय बंद केला.

खरं कारण वेगळं होतं. मंगळवार-गुरुवारचे ते तास मला हवे होते. माझ्या टेबलावर एक वही आली होती.

ती मला भास्करराव कर्णिकांनी दिली. रेल्वेतून निवृत्त झालेले, सरळ मनाचे गृहस्थ. रावपुऱ्यातलं घर त्यांनी दुकानांचं कॉम्प्लेक्स बांधणाऱ्याला विकलं आणि कारेलीबागेत फ्लॅट घेतला. सामान हलवताना एक ट्रंक निघाली. "पणजोबांचे कागद आहेत, मोडीत. आमच्यात कोणाला वाचता येत नाही. रद्दीत टाकायचा जीव होत नाही ने," म्हणाले; बडोद्याच्या मराठीत 'ना'चं 'ने' होतं. मला मोडी येते. बडोद्यात अर्थशास्त्र आणि मोडी दोन्ही येणारी मी एकटीच उरले आहे, आणि खोटा विनय मला जमत नाही, म्हणून सांगते, कदाचित सगळीकडेच.

ट्रंकेत बहुतेक घरगुती चिठ्ठ्याचपाट्या होत्या. त्यांच्या तळाशी ही वही. पुठ्ठ्यावर नाव, लक्ष्मण हरी कर्णिक, आणि खाली नुसता आकडा, १९२६. आत ऐंशी पानं. तिसऱ्या पानावर मी थांबले ते आजही आठवतं. चहा निवून गेला. लिहिलं होतं: 'उन्हाळ्यात तहानेला मनुष्य पाण्याच्या पहिल्या घड्यासाठी अंगावरचा शेला देईल. पाचवा घडा तोच मनुष्य अंगणात ओततो. पाण्याचे मोल ठरते ते पहिल्या घड्यावर नव्हे, शेवटच्या घड्यावर.'

ही कल्पना ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वस्तूची किंमत तिच्या एकूण उपयोगावर नाही, तर शेवटच्या नगाच्या उपयोगावर ठरते, हा विचार युरोपातल्या तिघांनी एकमेकांना न विचारता १८७१ ते १८७४ मध्ये मांडला आणि त्यानंतर आमचा सगळा विषयच पालटला. वर्गात मी तो सांगायला लागले की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

आणि बडोदे संस्थानचे जुने कागद ज्याने पाहिलेत त्याला हे सांगावं लागत नाही, की तिथे आकडा दिसला की तो संवताचा. पुण्याचा माणूस शके लिहितो. बडोद्याचा मराठी कारकून प्रजा गुजराती म्हणून संवत लिहायचा. तीस वर्षं मी ते कागद चाळत आले. माझ्या डोळ्यांना १९२६ हे दुसरं काही दिसणंच शक्य नव्हतं. संवत १९२६ म्हणजे इसवी सन १८६९-७०.

युरोपच्या आधी एक वर्ष!

लक्ष्मण हरी कर्णिक कोण, हे शोधायला मला आठ दिवस लागले. संस्थानच्या नोकरपटात नाव सापडलं: जकात कारकून, संवत १९२१पासून लहरीपुरा नाक्यावर. म्हणजे रोज गाड्या अडवणारा, मालाचे भाव पाहणारा माणूस. सगळं कसं चपखल बसलं. मी वर्षभर लिहीत होते. हल्ली परदेशात आमच्या विषयातल्या नव्या संशोधनाचा कल तिकडेच आहे, युरोपबाहेर कोणी काय विचार केला ते शोधण्याकडे. एका नियतकालिकाचा खास अंक निघणार होता. मी निबंध पाठवला. अडचणीच्या जागा होत्या, नाही असं नाही. वहीच्या कागदावर तांबडी समासरेषा छापलेली होती, ती १८७० साली बडोद्यात कुठून आली? मागच्या पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीने चार पायांची एक ओबडधोबड आकृती होती. आम्हा अभ्यासकांचं एक बरं असतं, जिथे पाऊल घसरतं तिथे तळटीप देता येते. समासरेषेला तळटीप नऊ, कागद आयात असावा. आकृतीला तळटीप सतरा, जनावरांवरील जकातीची खूण असावी.

१९९९च्या डिसेंबरात पत्र आलं. निबंध स्वीकारला होता, अंकात पहिला छापणार होते. पत्र वाचून मी लहरीपुऱ्यात गेले आणि पाव किलो पेढे घेतले. घरी आल्यावर लक्षात आलं की द्यायचे कुणाला? आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. शेजारच्या बाईंच्या घरी शिकवण्या चालतात, दारात मुलांच्या चपला इतक्या की आत जायला वाट नाही. उत्कर्षला द्यायचे तर त्याला आधी समजावून सांगावं लागलं असतं. मी देवापुढे एक ठेवला आणि उरलेले तीन दिवस एकटीने खाल्ले. इतकं मोठं सुख एकटीने खाववत नाही, हे मला तेव्हा कळलं.

जानेवारीत मुद्रितं आली. संपादकांनी वहीच्या पुठ्ठ्याचा फोटो मागितला होता आणि जमल्यास लेखकाची तसबीर. चला, भास्कररावांकडे जायला निमित्त झालं. पुन्हा पेढे घेतले, या वेळी अर्धा किलो, वही पिशवीत घातली आणि गेले.

भास्करराव गॅलरीतल्या हिंचक्यावर झोके घेत बसले होते. त्यांच्या शेजारी एक वयस्क बाई, पांढरी शुभ्र वेणी, हातात शेंगांचं ताट. "ही माझी मोठी बहीण, नलिनीताई. इंदूरला असायची. यजमान गेल्यावर आता इकडेच आली राहायला," ते म्हणाले. मी पेढे दिले, बातमी सांगितली. भास्कररावांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला. "आपले पणजोबा परदेशात छापून येणार, ताई."

"बघू तरी," म्हणत नलिनीताईंनी पदराला हात पुसले आणि वही घेतली. त्यांनी ती आधी उलटी केली. मागच्या पुठ्ठ्याकडे बघून त्या हसायला लागल्या.

"अरे, हा माझा घोडा! किती मार खाल्ला होता मी याच्यापायी. चारेक वर्षांची असेन. बाबांच्या वहीवर काढला म्हणून आईने धोपटलं होतं."

"बाबांच्या?" मी विचारलं.

"बाबांचीच वही आहे ने ही. कॉलेजातली. नाव नाही का? लक्ष्मण हरी." त्यांनी वही सुलट केली. "आणि साल पण टाकलंय. एकोणीसशे सव्वीस."

मी त्यांना संवत समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, एखाद्या दमलेल्या मुलाचं ऐकून घ्यावं तसं.

"बाई, ते कॉलेजात होते हो. संवत कशाला लिहितील? आमच्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. लक्ष्मणाचा हरी, हरीचा लक्ष्मण. पणजोबा लक्ष्मण हरी, बाबाही लक्ष्मण हरी. साहेब इंग्रजीत शिकवायचे, ते बाबा भरभर मोडीत उतरवून घ्यायचे. मोडीत हात उचलावा लागत नाही, म्हणायचे. पुढे आजोबा आजारी पडले, बी.ए. राहून गेलं आणि बाबा नाक्यावर चिकटले. पण या वहीला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत."

भास्करराव ओशाळले. "मला वाटलं ट्रंकेत आहे म्हणजे पणजोबांचीच असेल. चूक झाली का मोठी?"

"नाही नाही," मी म्हटलं. "तुमची काही चूक नाही."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या जुन्या छापील याद्या काढल्या. १९२५-२६, इंटरच्या वर्गात कर्णिक, एल. एच. होते. ते पान मी दीड वर्षात कधी उघडलं नव्हतं, कारण शोधायचं मनातच आलं नव्हतं. म्हणजे माझी वही हा शोध नव्हता. क्रमिक पुस्तकात असतं तेच, एका मास्तरांनी शिकवलेलं आणि एका पोराने लिहून घेतलेलं. शाळकरी मुलाला जरी ती दाखवली असती तरी तो १९२६ म्हणजे एकोणीसशे सव्वीसच म्हणाला असता. ही चूक करायला तीस वर्षं बडोद्याचं दफ्तर चाळावं लागतं.

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. कारण मी गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. नलिनीताईंना इंग्रजी नियतकालिक कोण दाखवणार होतं? परीक्षकांना मोडी कुठून येणार? चूक करणारी मी एकटी आणि पकडू शकणारीही मीच. पाच दिवस ती मुद्रितं टेबलावर होती. मी घर झाडलं, डबे घासले, पुस्तकं उन्हात घातली. एकदा तर तळटीप बत्तीस लिहायलाही घेतली, 'वहीच्या कालनिर्णयाबाबत कुटुंबात वेगळे मत आहे.' वाक्य चांगलं जमलं होतं. तेच वाचून मला स्वतःची किळस आली. सत्तावीस वर्षं मी मुलांना सांगितलं होतं, की कुणाचा विचार कुणाचा, एवढं खरं सांगणं हाच आपला धंदा. सहाव्या दिवशी निबंध मागे घेत असल्याचं पत्र टाकलं, कारणासकट.

संपादकांचं उत्तर सभ्य होतं. त्यांना फार वाईट वाटलं होतं. दोन्ही परीक्षकांनी तेव्हाच कळवलं होतं म्हणे, की लिपी त्यांना वाचता येत नाही, तेव्हा त्या बाबतीत सर्वस्वी लेखिकेवर भिस्त ठेवली आहे. अंकात माझ्या जागी दुसरा लेख घेतला होता. मी ते पत्र दोनदा वाचलं. माझ्यावर इतकी भिस्त आजवर कुणी ठेवली नव्हती.

वही परत करायला गेले तेव्हा दुपार होती. भास्करराव बँकेत गेले होते. नलिनीताईंनी वही मांडीवर घेतली आणि पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिल्या.

"एक विचारू? तुम्ही वाचून दाखवाल का? बाबांनी काय लिहिलंय ते मला कधी कळलंच नाही. मोडी त्यांनी भास्करला नाही शिकवली, मग मला कुठून?"

मी वाचायला लागले. घड्याची गोष्ट त्यांना आवडली. "खरंय. पाचवी पोळीसुद्धा अशीच," म्हणाल्या. मी पान उलटत गेले. आता माझ्यावर काही सिद्ध करायचं ओझं नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच ती वही मला आहे तशी दिसत होती. मास्तरांचं बोलणं इंग्रजीतून येत होतं आणि वीस वर्षांचा मुलगा एकेका शब्दाला मराठी शब्द शोधत होता. कधी दोन खोडून तिसरा लिहीत होता. मी ती खाडाखोड 'विचारवंताची तगमग' म्हणून छापायला निघाले होते.

मग ते पान आलं. हेही मी पूर्वी वाचलं होतं. त्याला तळटीप एकतीस दिली होती: नाक्यावरील इतर कारकून सणामुळे रजेवर असावेत, घंटा म्हणजे नाका बंद होतानाची. आता मी ते मोठ्याने वाचलं.

"'आज वासी उत्तरायण. सर्वजण पतंग उडविण्यास गेले. मी एकटाच हजर. मला वाटले साहेब परत जातील. साहेबांनी तरी सर्व विषय उभे राहून समजावून दिला, घंटा होईपर्यंत.'"

नलिनीताईंनी वाकून त्या पानावर बोट ठेवलं. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

"उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी?" त्या म्हणाल्या. "आणि एकट्या बाबांसाठी आखा तास घेतला?"

"हो."

"चांगले असतील ते साहेब. म्हणूनच बाबांनी वही जपली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीही शिकवता ने कॉलेजात? असंच असेल तुमचं पण."

मी पान उलटलं. "पुढे वाचते," मी म्हटलं, पण डोळ्यांसमोरची अक्षरं लागेनात. मोडी मला पहिल्यांदाच लागत नव्हती. दमले असं सांगून मी उठले. "परत या, उरलेलं ऐकायचंय मला," असं त्या जिन्यापर्यंत येऊन म्हणाल्या.

घरी आले ती थेट फोनपाशी. विभागाच्या जुन्या यादीतून प्राची गुप्तेचा नंबर मी उतरवून आणला होता कधीतरी, कशासाठी ते तेव्हा ठाऊक नव्हतं. फोन तिच्या आईने उचलला.

"प्राची आहे का? मी तिच्या कॉलेजातली निरुपमा दिघे."

"प्राची तर मुंबईला आहे ने, मॅडम. म्युच्युअल फंडात लागली. सहा महिने झाले. चांगली नोकरी आहे, पण वेळ नाही मिळत तिला. काय काम होतं?"

मी उगाच चष्मा काढून ठेवला.

"कुठला विषय शिकवायचा तुम्ही तिला?"

"शिकवला नाही," मी म्हटलं. "शिकवायचा राहिला. तिला एवढं सांगाल का, की तिचा तास माझ्याकडे राहिलाय."

पलीकडे कागद ओढल्याचा, पेन शोधल्याचा आवाज आला. माउली लिहून घेत होती. मग तिने जरा आवाज खाली आणून, काळजीने विचारलं, "फी-बी काही भरायची बाकी आहे का, मॅडम?"

"नाही हो," मी म्हटलं. "फी तिने भरली होती. तास मी घेतला नाही."